मुक्कामाची गाडी निघाली नाही

आमच्या वाडीत दिवस गाडीच्या आवाजानं उगवायचा. लिंबाखाली उभी असलेली मुक्कामाची लाल गाडी पहाटे आधी दोन-तीनदा खोकायची, मग एकदम धरायची आणि घुमत राहायची. आमचं घर लिंबाला लागूनच. गाडी तापायला लागली की आमच्या पत्र्यांना कापरं भरायचं, फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून वाजायची आणि आई अंथरुणातूनच म्हणायची, "उठा, गाडी जागी झाली." मग चूल पेटायची, चहाला आधण ठेवलं जायचं, आप्पा मिश्री लावत अंगणात उभे राहायचे. गावात कुणाला वेळ सांगायची तर गाडीच्या अलीकडं आणि गाडीच्या पलीकडं अशीच सांगितली जायची. म्हैस गाडीच्या आधी व्याली, सून गाडीनंतर उठली, असं. घड्याळ फक्त सरपंचांकडं होतं, आणि ते गाडी बघून लावायचे.

खर्ड्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटाला चिकटलेली ही वाडी. तिला मुक्कामाची गाडी मिळाली ती एका अटीवर. ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाचं गावानं बघायचं. गावानं माना डोलावल्या, घरटी पाळ्या ठरल्या, आणि महिना सरायच्या आत सगळ्या पाळ्या घरंगळत आमच्याच घरी येऊन थांबल्या, कारण आमचं घर जवळ आणि माझ्या आईला नाही म्हणता येत नसे. सुगीला बाकीच्यांनी थोडी थोडी ज्वारी आमच्याकडं आणून टाकायची असंही ठरलं होतं. ते सगळं गाव विसरलं. आईनं आठवण केली नाही आणि आप्पांना करू दिली नाही.

कंडक्टर बदलत राहायचे, ड्रायव्हर मात्र बरीच वर्षं एकच होता. गहिनीनाथ. पाथर्डीकडचा. आडवा हाडापेराचा माणूस, खाकी शर्टाच्या खांद्यावर कायम एक पंचा. आईला तो आक्का म्हणायचा, म्हणून माझा तो गहिनीमामा. जेवायला बसला की डावा पाय लांब सोडायचा, क्लच दाबून दाबून तो पाय संध्याकाळी दुमडत नसे. आईच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे त्याला फार आवडत. शेवटची भाकरी तो करपलेली मागून घ्यायचा. "आक्का, जरा तव्यावर इसरा तिला," म्हणायचा, आणि आई लटक्या रागानं ती काळी करून त्याच्या ताटात टाकायची. जामखेडहून तो आईला सुया, आप्पांना तंबाखू आणि मला गाईडं आणून द्यायचा. मी खर्ड्याच्या हायस्कुलात त्याच्याच गाडीनं जायचे. मला उशीर झाला तर तो हॉर्न वाजवत उभा राहायचा आणि आतली माणसं कावायची, "गाडी सरकारची हाय का शकीची?" तो म्हणायचा, "सरकारची. पर शकीला न्हेत्याबिगर निघत न्हाई."

त्या वर्षी मी दहावीला होते. वाडीतली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, आणि हे कौतुक म्हणून कुणी सांगत नसे. आष्टीकडच्या एका घरानं माझ्यासाठी निरोप पाठवून ठेवला होता. आप्पा वाईट माणूस नव्हते, पण त्यांना गावात बसायचं-उठायचं होतं. त्यांनी आईला सरळ सांगितलं होतं, "एक डाव. पेपर चांगलं गेलं तर नगरला नर्सबाईचं शिकू दे. न्हाई गेलं तर वैशाखात अक्षता." मला नर्स व्हायचं होतं कारण खर्ड्याच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, त्यांच्या पायात पांढरे बूट होते आणि त्यांना पुरुष माणसंही बाई म्हणून हाक मारायची. एवढंच कारण. पुढं मोठमोठी कारणं मी लोकांना सांगितली, निरोपसमारंभातही सांगितली, पण खरं हेच.

परीक्षेचं केंद्र जामखेडला. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी गाडी नेहमीसारखी आली. आईनं मुद्दाम शेंगोळे केले होते. मामा आणि म्हस्के म्हणून नवीन कंडक्टर होता तो, दोघं भिंतीला टेकून बसले. म्हस्के फार बोलत होता, पावसाचं, बाजाराचं, कुठल्या तरी तमाशाचं. मामा काहीच बोलत नव्हता. आईनं वाढता वाढता म्हटलं, "मामा, उद्या शकीचा पयला पेपर हाय. गाडी जरा लवकर काढा."

मामा ताटाकडं बघत म्हणाला, "बघू, आक्का."

आमच्याकडं मामाचं 'बघू' म्हणजे 'हो' असायचं. सुया बघू म्हणाला की सुया यायच्या. त्यामुळं आईनं पुढं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानं माझ्याकडं बघून "झाला का अभ्यास?" एवढं विचारलं, मी मान हलवली. म्हस्के त्या वेळी आढ्याकडं बघत होता हे मला नंतर आठवलं. करपलेली भाकरी न मागता मामा उठला. आई म्हणाली, "आज इसरला वाटतं." दोघं हात धुऊन गाडीत झोपायला गेले.

सकाळी मी जागी झाले ती शांततेनं. उजाडलेलं होतं. आईही गडबडून उठली होती आणि चुलीपुढं काड्या शोधत स्वतःलाच बोलत होती. आम्हाला दोघींना आधी वाटलं आपण फार लवकर उठलो. मग वाटलं गाडी गेली. मी धावत अंगणात आले तर गाडी लिंबाखाली जशीच्या तशी. मामा पायरीवर बसलेला, पंचा डोक्याला गुंडाळलेला. म्हस्के दिसत नव्हता. तिकिटांची पेटी आणि पैशाची पिशवी डेपोत जमा करायला तो अंधारातच पायी निघून गेला होता.

"मामा, गाडी तापवली न्हाई?"

"संप हाय, शके," मामा म्हणाला. "जितं गाडी, तितं उभी. सगळ्या राज्यात."

आता जे झालं ते सांगताना मला अजूनही आमच्या गावाचा राग येतो आणि कीवही येते. कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणजे संप आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. सरपंच आले, त्यांनी ऐकून घेतलं, संप असेल बाबा, असतो, म्हणाले. पण हा माणूस आपल्यात जेवतो, आपल्या पोरीला भाची म्हणतो, तो आपल्याला सोडून बसून राहील, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. त्यामुळं काय झालं, तर माणसं नेहमीसारखी गाडीत जाऊन बसायला लागली. जामखेडच्या बाजाराला निघालेल्या बायका कोंबड्यांचे पाय बांधून बसल्या. म्हातारे पुढच्या बाकांवर बसले. कुणी तरी म्हणालं, गाडी भरली की निघंल तो. आईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली, मी गणवेश घालून, पॅड छातीशी धरून माझ्या रोजच्या खिडकीत बसले. गाडी भरली. मामा बाहेर उभा होता, आणि आम्ही सगळे आत बसून त्याच्याकडं बघत होतो. त्याला कुणी तरी चहा आणून दिला. तो त्यानं प्याला. ते बघून आत सगळ्यांना बरं वाटलं, की चहा प्याला, आता निघेल. माझ्या वर्गातली वाडीतली दोन पोरं तेवढी शहाणी निघाली. गाडीची वाट न बघता ती एका सायकलवर डबलसीट केव्हाच निघून गेली होती. मुलीनं असं जायचं नसतं म्हणून मी गाडीत.

आप्पा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज जोडलेल्या हातांसारखाच होता. "एक खेप, मामा. पोरीला सोडा आन् परत या. मग म्हैनाभर उभी ऱ्हाऊ द्या, आमी काय म्हनत न्हाई."

"एकच खेप जमत न्हाई, आप्पा. एक गेली म्हंजी गेलीच."

"आवं कोन बघायलंय हितं डोंगरात?"

मामा माझ्या खिडकीखाली आला. ऊन चांगलं वर आलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "शके, उतर खाली. गाडी न्हाई जायाची. आप्पाला म्हनाव ट्रॅक्टर बग." मी त्याच्याकडं बघून हसले. मला खरंच वाटलं तो माझी थट्टा करतोय, हॉर्न वाजवून करायचा तशी. त्यानं खिडकीचा गज धरला आणि परत म्हणाला, "उतर, पोरी." तेव्हा मला त्याचे डोळे दिसले आणि मग मी उतरले.

गावात ट्रॅक्टर एकच, सरपंचांचा, आणि तो रानात कडब्यानं भरलेली ट्रॉली घेऊन उभा. कुणी तरी पळालं, कुणी तरी पेंढ्या उतरवल्या, कुणी तरी डिझेलचा डबा शोधला. आप्पा आणि मी चाकावरच्या पत्र्यावर बसून निघालो. रस्ता तेव्हा खडीचा. खर्ड्याचा किल्ला मागं पडला तेव्हा मी मनातल्या मनात निबंध म्हणत होते, कारण पहिला पेपर मराठीचा होता आणि मराठी माझा हातखंडा विषय. जामखेडच्या शाळेच्या फाटकात पोचलो तर आतून पंख्यांचा आवाज येत होता, बाकी चिडीचूप. फाटकावरचे सर म्हणाले, अर्धा तास होऊन गेला की आत घेता येत नाही. वाईट बोलले नाहीत. नियम होता. आप्पांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली, मामा, शेंगोळे, सगळं. ते ऐकून घेत होते. व्हरांड्याच्या खिडकीतून मला माझा बाक दिसत होता. त्यावर खडूनं माझा नंबर लिहिलेला होता आणि त्याच्या मागच्या बाकावर आमच्या वाडीतलं एक पोरगं मान खाली घालून लिहीत होतं.

परत येताना मी रडले असेन, पण ट्रॅक्टरच्या आवाजात रडलेलं कळत नाही.

संध्याकाळी चावडीपुढं गाव जमलं आणि ठरलं की त्या माणसाला कुणी अन्नपाणी द्यायचं नाही. सरपंच म्हणाले, "त्याला संप करायचा हक्क हाय ना? मग आपल्यालाबी हाय. आपला भाकरीचा संप." लोक हसले. गाडीला मात्र कुणी हात लावला नाही, काच फोडली नाही, हे सांगितलं पाहिजे. मामा गाडी सोडून जाऊ शकत नव्हता. गाडी त्याच्या नावावर लावलेली, एक काच गेली तरी त्याच्या पगारातून जाणार. तो एकटा गाडीत बसून राहिला. रात्री आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही, आणि पत्र्यापलीकडं तोही उपाशी आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला त्याचं चांगलं वाटत होतं. हे मी लपवत नाही. माझं वर्ष गेलं होतं आणि माझ्यासोबत कुणी तरी उपाशी होतं, त्यात एक समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं ताट वाढलं. दोन भाकरी, लसणाची चटणी, कांदा, वाटीत कढी. वर दुसरं ताट झाकलं आणि माझ्यापुढं धरलं. आप्पा दारात होते. ते म्हणाले, "गावानं काय ठरवलंय, ठावं हाय न्हवं?"

"हाय."

"पोरीचं वरीस गेलं त्याच्यामुळं."

"कुनाचं काय गेलं ते मला ठावं हाय," आई म्हणाली. "पर भाकरी म्हंजी काय गाडी हाय व्हय, बंद ठिवायला? घी गं शके. आन् काय बोलायचं ते तूच बोल त्याच्यासंगं. माज्याच्यानं बोलवायचं न्हाई."

म्हणजे तिनं माफ केलं होतं असं नाही. इतकी वर्षं तो आमच्या भिंतीला टेकून तव्यावरची गरम भाकरी खायचा, आता झाकलेलं ताट बाहेर जात होतं. आणि ते पोचवायला तिनं मलाच निवडलं. तिला काय साधायचं होतं ते मी तिला पुढं कितीदा विचारलं, ती प्रत्येक वेळी म्हणायची, "घरात दुसरं कोन हुतं?"

मामा गाडीत मागच्या लांब बाकावर बसला होता. दाढी वाढली होती. मी ताट बाकावर ठेवलं. तो म्हणाला, "आक्कानं दिलं?" मी म्हटलं, "व्हय." त्यानं झाकण उघडलं आणि तसाच बसून राहिला.

"शके, तुला एक सांगतो," तो म्हणाला. "मागल्या संपाला मी शेवगावकडं मुक्कामी हुतो. गाडी अशीच उभी. गावात एक वऱ्हाड खोळंबलं हुतं. नवरीचा बाप पाया पडाया लागला. म्हनलं, एक खेप, कुनाला कळतंय. सोडून आलो. सांजच्याला रेडिओवर सांगितलं, जिल्ह्यात गाड्या सुरू झाल्या. माझी एकच गाडी गेल्ती गं. एकच. ते ऐकून दुसऱ्या डेपोतली मानसं घाबरली, दोन दिसात संप मोडला. माझ्यासंगं भरती झालेला एक जन हुता, तो पुढारी हुता, त्याला काढून टाकलं. त्याची बायको मला बाजारात भेटली, म्हनली, भाऊजी, वऱ्हाड येळंवर पोचलं का? त्या दिसापास्नं मी ठरवलं, आता एक खेप म्हंजी एक खेपबी न्हाई."

काय मागत होते ते, हेही त्यानं सांगितलं. पगार वेळच्या वेळी, ड्युटीचे तास ठरलेले, आणि मुक्कामाच्या गावी झोपायला एक खोली. थंडीत टपावर झोपून एक कंडक्टर आजारी पडला होता, तो उठलाच नाही. मी ऐकत होते. मला तेव्हाही ते सगळं खरं वाटलं, आणि त्यानं मला आणखी चीड आली, कारण खरं बोलणाऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी म्हटलं, "गाडी न्हाई न्हेली ते ऱ्हाऊ द्या, मामा. पर तुमाला आदल्या दिशीच ठावं हुतं."

त्यानं कढीची वाटी जरा सरकवली.

"जेवताना ठावं हुतं. आईनं इचारलं तवा ठावं हुतं. तवाच सांगितलं अस्तं तर आमी संध्याकाळीच ट्रॅक्टरनं गेलो अस्तो. बाजारपेठेत आत्या ऱ्हाती माझी."

"सांगितलं अस्तं तर आप्पानं सरपंचाला सांगितलं अस्तं. सरपंचानं खर्ड्यावरनं फोन केला अस्ता. रातीतच साहेबानं पोलीस घालून गाडी वडून न्हेली अस्ती. सगळ्यांना तसंच सांगितलं हुतं, तोंडातनं शबूद काढायचा न्हाई."

"मी न्हाई कुनाला सांगितलं अस्तं."

मामानं भाकरीचा तुकडा मोडला, कढीत बुडवला आणि हातातच धरून ठेवला. "तू न्हाई सांगितलं अस्तं," तो म्हणाला. "मला कळत हुतं." एवढंच. मग त्यानं तो तुकडा खाल्ला. मी ताट रिकामं व्हायची वाट न बघता घरी आले.

मी हे नगरच्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून लिहितेय. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जीभ वळत नाही. मध्यंतरी लाल गाड्यांचा पुन्हा मोठा लांबलेला संप झाला, तेव्हा माझ्या चुलतभावाच्या नातीचं कॉलेज बुडत होतं. तिनं मला फोनवर विचारलं, "आत्याआजी, यांना संपाचा हक्क असावा का गं? तू तर सरकारी दवाखान्यात होतीस, तूही केलेस ना?" केले. सरकारी नोकरीत जितके संप झाले तितक्या वेळा मी हात वर केला, आणि एकदाही पश्चात्ताप झाला नाही. काम थांबवता येत नसेल तर ती नोकरी राहत नाही, वेठ होते, हे मला वॉर्डात दुहेरी ड्युट्या करून कळलं आहे. पण आमच्या मीटिंगांमध्ये मी एका गोष्टीसाठी भांडायचे, आणि पुढारी मला त्यावरून चिडवायचे. मी म्हणायचे, नोटीस वरच्या साहेबाला दिली ते ठीक, पेशंटला कोण सांगणार? ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोण सांगणार? संपाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः खाटेखाटेला जाऊन सांगायचे, उद्यापासून मी येणार नाही, तुमची सोय बघा. एका म्हातारीनं मला शिव्या घातल्या, "मेले, मग आज तरी कशाला आलीस?" म्हणाली. एकानं ताट भिरकावलं. मला ते चालायचं. आणि तरीही हेही खरं, की आधी सांगून केलेला संप मोडायला सोपा असतो. आमचे दोन संप त्या सांगण्यामुळंच मोडले, बाहेरून माणसं आणून बसवायला त्यांना रात्रभर वेळ मिळाला. म्हणजे मामा बरोबर होता. म्हणजे मीही बरोबर होते. नातीला मी म्हटलं, हक्क असावा, बाई. ती म्हणाली, "पण?" मी म्हटलं, पण काय, मला अजून धड सांगता येत नाही, आणि फोन ठेवला.

संप बरेच दिवस चालला. एक पेपर गेला म्हणजे नापास, मग बाकीचे कशाला द्यायचे, असं आप्पा म्हणत होते. आईनं ऐकलं नाही. सरपंचांनी ट्रॅक्टर दिला, तो माझ्यासाठी कमी आणि मामाच्या नाकावर टिच्चून जास्त. रोज पेपरला जाताना ट्रॅक्टर लिंबाखालून मुद्दाम सावकाश जायचा. मामा गाडीच्या काचा पुसत असायचा, तो हात थांबवून बघायचा. दुपारी मी ताट नेऊन ठेवायचे. आम्ही बोलत नसू. एक दिवस आष्टीची माणसं आली, चहा पिऊन गेली, आणि वैशाखातला दिवस धरला गेला. माझं वय कुणी विचारलं नाही, तेव्हा विचारत नसत. आई चुलीपुढं बसून राहिली होती. ती म्हणाली, "लगीन झालं म्हंजी साळा संपली आसं काय लिवून ठिवलेलं न्हाई." तिचं ते वाक्य खरं करायला मला पुढं किती वर्षं लागली आणि काय काय सोसावं लागलं, त्याचं वेगळं प्रकरण आहे. ते गोड नाही.

शेवटच्या पेपरच्या सकाळी पत्रे वाजले. गाडी तापत होती. आम्ही बाहेर आलो तर लिंबाखाली एक जीप उभी, गाडीवर कुणी वेगळाच ड्रायव्हर, दारात वेगळाच कंडक्टर. संप मोडला होता. मिळालं काही नव्हतं. मामाला कामावरून कमी केल्याचा कागद जीपमधल्या साहेबानं पायरीवरच दिला होता. मामा याच गाडीनं जाणार, म्हणून गावानं ठरवलं की आज कुणी या गाडीत बसायचं नाही. ट्रॅक्टर सुरू करून सरपंचांचा पोरगा मला हाका मारत होता. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी गाडीत चढले. का चढले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं: मला त्याच्याशी एकदा बोलायचं होतं, आणि ट्रॅक्टरमध्ये तो नव्हता.

सगळी गाडी मोकळी. मामा मधल्या एका बाकावर वळकटी मांडीवर घेऊन बसला होता. खाकी शर्ट काढून त्यानं साधा सदरा घातला होता, त्यात तो कुणी तरी पाहुणा वाटत होता. कंडक्टरनं त्याच्यापुढं येऊन तिकिटाच्या चिमट्यानं टिकटिक केली तेव्हा त्यानं सदऱ्याच्या खिशातून पैसे काढून जामखेडचं तिकीट घेतलं. इतक्या वर्षांत त्याला तिकीट घेताना मी पहिल्यांदा बघितलं. मी त्याच्या पलीकडच्या बाकावर बसले. नवा ड्रायव्हर घाटाच्या वळणाला गाडी फार जोरात घेत होता. मामाचा डावा पाय आपोआप दाबला जात होता, तिथं क्लच नसताना. खर्डा गेला तरी आम्ही बोललो नाही. जामखेड दिसायला लागल्यावर त्यानं विचारलं, "आज कशाचा?"

"भूगोल."

"झाला का अभ्यास?"

"झाला. पर उपेग न्हाई."

तो पुढच्या बाकाच्या दांडीकडं बघत राहिला. "आक्टोबरात परत बसता येतं म्हनं," तो म्हणाला. "मी चौकशी केलीय." शाळा स्टँडच्या अलीकडंच होती. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी थांबली. मी पॅड घेऊन उठले आणि दाराशी गेले. मामाही उठला, का कोण जाणे, वळकटी बाकावर ठेवून वरचा दांडा धरून माझ्यामागं आला. एक पाय पायरीवर ठेवून मी वळले. मला वाटलं होतं मी रडेन, पण आवाज अगदी सरळ निघाला.

"वैशाखात लगीन हाय माझं, मामा," मी म्हणाले. "आधीच सांगून ठिवते. ऐनवेळंला कळाया नगं."

आणि खाली उतरले. मागं कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली. गाडी निघाली तेव्हा मामा दारातच उभा होता. दार लावायचं त्याला सुचलं नाही.